तिसऱ्या रिळाला दाखवलेलं ऊन

मी एकदा सिनेमा वाळत घातला होता. गच्चीवर, पापडांच्या शेजारी, जुन्या नऊवारीवर पसरून आणि कडेला दगड ठेवून. निमित्त निघालं नातीमुळे. परवा ती मोबाईलवर एक यादी वाचत बसली होती, सिनेमाच्या इतिहासावर सगळ्यात जास्त परिणाम करणारे चित्रपट कोणते म्हणून. मला म्हणाली, आजी, यातला एक तरी तू पाहिलायस का? मी म्हटलं, एक पाहिलाय, पण त्याचा मधला थोडा तुकडा मी जाळला. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी फेकतेय. म्हणून हे लिहून ठेवते.

त्या वेळी मी बेचाळीस वर्षांची होते. अक्कल यायला एवढी वर्षं पुरतात म्हणे, पण माझी बहुधा मागच्या गाडीनं येत होती.

आमचे हे पेणच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. वरच्या केबिनमध्ये मशीन चालवणारा माणूस म्हणजे ऑपरेटर. वीस वर्षं यांनी गावाला हसवलं-रडवलं, आणि स्वतः सगळे सिनेमे भिंतीतल्या वहीएवढ्या भोकातून पाहिले. मग घरोघर केबल आलं. टॉकीज बंद पडलं, खुर्च्या निघाल्या, आणि जिथं पडदा होता तिथं गणपतीच्या कारखान्यांच्या प्लास्टरच्या गोण्या रचल्या गेल्या. हे घरी बसले. भांडण नाही, दारू नाही, नुसते गप्प. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. टीव्हीवर सिनेमा लागला की उठून ओट्यावर जाऊन बसायचे. मी पापड लाटणाऱ्या बायकांत दिवसभर बडबडणारी. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली होती. माणूस आजारी असला तर डॉक्टर असतो. गप्प असला तर कुणाकडे न्यायचा?

अशात रोह्याहून बोलावणं आलं. सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून तिथल्या काही हौशी लोकांनी एक मंडळ काढलं होतं. कॉलेजातले एक प्राध्यापक, एका कंपनीतला एक इंजिनियर, बँकेतले एक साहेब, तीन-चार शिक्षिका. ज्यांनी सिनेमा बदलला असे दहा चित्रपट निवडायचे आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी दाखवायचे, असं त्यांनी ठरवलं. रोह्याच्या टॉकीजमालकानं सकाळ दिली, मशीन दिलं. पण त्याच्या ऑपरेटरला जुन्या मूकपटाची रिळं हाताळायची नव्हती. तेव्हा कुणाला तरी आमच्या यांची आठवण झाली.

दहा सिनेमांची ती यादी करायला त्या लोकांना दोन महिने लागले. हे बैठकीला जायचे आणि परत येऊन जेवता जेवता मला सांगायचे. सांगायचे! मी वाढता वाढता हातातला चमचा तसाच धरून ऐकायची. बँकेतल्या साहेबांना म्हणे सिनेमात आवाज आला तो चित्रपट पहिला हवा. इंजिनियरला रंग आला तो हवा. प्राध्यापक म्हणतात, दोन वेगळी चित्रं एकापुढे एक जोडून तिसराच अर्थ काढला तो. "मी म्हटलं त्यांना," हे म्हणाले, "कॅमेरा लांब उभा होता तो उठून बाईच्या चेहऱ्याजवळ गेला, तो सिनेमा पहिला. त्याआधी सगळं नाटकच." प्राध्यापकांनी यांचं म्हणणं मानलं. त्या रात्री यांनी मागून भात घेतला. मला त्या चेहऱ्याजवळ गेलेल्या कॅमेऱ्याचं काही पडलं नव्हतं. मागून भात घेतला याचं पडलं होतं.

रिळं पुण्याच्या एका संग्रहातून यायची होती. अट एकच होती. ज्याच्या हातात रिळं जाणार त्यानं स्वतः सही करायची, आणि एका रिळाला जरी इजा झाली तरी पुढचं काही मिळणार नाही. प्राध्यापकांना मशीनमधलं काही कळत नव्हतं, म्हणून सही यांनी केली. पहिला सिनेमा आला, म्हणजे अजून नऊ यायचे होते. म्हणजे माझ्या हिशेबानं नऊ महिने हा माणूस घरात बोलणार होता. एवढं सगळं त्या सहीला टांगलेलं, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणारा म्हणेल, बिचारीला काही माहीत नव्हतं. सगळं माहीत होतं.

चैत्र होता. शुक्रवारी लाकडी पेटीतून पाच पत्र्याचे डबे आले, जेवणाच्या ताटाएवढे, चपटे. यांनी ते माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवले आणि मला म्हणाले, हात लावू नकोस. शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं हे रोह्याला गेले, मशीन साफ करायला.

दहा वाजता मला वास आला. आंबूस, नाकात जाऊन झोंबणारा. लोणच्याच्या बरणीत पाणी शिरावं तसा. मी बरण्या पाहिल्या, आंबवलेलं पीठ पाहिलं, मोरी धुतली. वास तिथंच. वाकले तेव्हा कळलं, वास डब्यांतून येतोय. आणि सगळ्यात जास्त तिसऱ्या डब्यातून.

इथं माझं डोकं चाललं. चाललं म्हणजे कसं, उतारावर सोडलेल्या हातगाडीसारखं. मला वाटलं, एका रात्रीत आमच्या घरात ही फिल्म आंबली. माठाखालचा ओलावा, वरून धरमतरच्या खाडीकडून येणारा खारा वारा. पुण्याच्या कोरड्या हवेतली वस्तू, तिला काय सोसणार? उद्या पुण्याचे लोक डबा उघडतील आणि म्हणतील, पेणला बिघडली. सही कुणाची? यांची.

आमच्यात कशालाही वास आला की त्याला ऊन दाखवतात. गाद्यांना, डाळीला, पोह्याच्या पापडांना, तापातून उठलेल्या पोराला. मी वयाच्या दहाव्या वर्षापासून वस्तूंना ऊन दाखवत आले होते. ऊन दाखवलं आणि वस्तू बिघडली असं एकदाही झालं नव्हतं. मी तिसरा डबा उचलला आणि गच्चीवर गेले.

आधी नुसतं झाकण उघडून ठेवलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण पाहिलं तर पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसले, आणि पापडांची चळत चिकटली तर आपण काय करतो? सोडवून पसरतो. मी टोक धरलं आणि सोडवत गेले. गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, परत, पुन्हा परत. खाली पापडांचीच नऊवारी, उडदाच्या पिठानं पांढरी झालेली. सगळी पट्टी काही संपेना, तेव्हा निम्मीअर्धी पसरून उरलेला गठ्ठा सावलीत ठेवला. उन्हात ती काळी पट्टी अशी चमकायला लागली की मला माझंच कौतुक वाटलं. एकीकडे पांढरे पापड, एकीकडे काळा सिनेमा.

माझ्याकडे पापड लाटायला खाडीकडच्या गावातली एक बाई यायची. तिचं सगळं घर मिठागरावर. ती लाटलेल्या पापडांचं सूप घेऊन वर आली आणि पाहतच राहिली.

"काय गो बाय," ती म्हणाली, "यो काला पापर कंचा?"

मी सांगितलं, सिनेमा हाय. तिनं वाकून पट्टीतली एक चौकट निरखली. मग मला विचारलं, यांना दाखवून वाळत घातलाय की असाच? मी म्हटलं, हे रोह्याला गेलेत. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं. मिठागरावर काम करणाऱ्या माणसाला ऊन काय काय करतं ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

"ऊन पानी खातंय," एवढंच म्हणाली. "यात पानी हाय का, ता ठाव हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. पण मालकीणबाई ना मी! म्हटलं, तू पापडांचं बघ.

जेवण उरकून दीडच्या सुमाराला वर गेले. पट्टीनं अंग मुडपलं होतं. दोन्ही कडा वर आलेल्या, मध्ये पन्हळ. उडदाचा पापड जास्त वाळला की कसा वाटीसारखा होतो, तसं. हात लावला तर चटका बसला. आणि त्या चटक्यासरशी मला वीस वर्षांपूर्वीचं बोलणं आठवलं.

लग्न नवं असताना यांनी मला एकदा केबिन दाखवलं होतं, आणि नव्या बायकोवर छाप पाडायला एक गोष्ट सांगितली होती. जुन्या काळची फिल्म म्हणे नुसत्या उष्णतेनं आपोआप पेटायची. पेटली की पाण्यात बुडवा, वाळूत पुरा, विझायची नाही. पाण्याखाली जळत राहायची. मी तेव्हा यांचा हात घट्ट धरला होता, बहुधा त्याकरताच गोष्ट सांगितली असावी. आता तोच हात मी पट्टीवरून झटकन मागे घेतला. जुनी फिल्म म्हणजे हीच की! रंग नाही, आवाज नाही, याहून जुनी कुठली असायची?

मी ती पट्टी गुंडाळायला घेतली. गुंडाळली कसली, कोंबली. घाम तिच्यावर पडत होता, पुसायला पदर लावला तर पदराला पीठ. मुडपलेली पट्टी नीट बसेना. गठ्ठा फुगला, डब्याचं झाकण लागेना. मग मी खालून पाटा आणला. मसाला वाटायचा दगडी पाटा. तो झाकणावर ठेवला आणि, आता कशाला लपवू, त्याच्यावर बसले. झाकण लागलं. आतून कर्र असा आवाज आला. तो आवाज मी कुणालाही काढून दाखवू शकते, इतका नीट लक्षात आहे.

डबा पुन्हा घरात नेण्याची हिंमत होईना. घरात गॅसचा सिलिंडर. मी तो डबा परसात, शेवग्याखाली, घमेल्यातल्या ओल्या वाळूवर ठेवला आणि दहा हातांवर पाट टाकून त्याच्याकडे बघत बसले. एखादा नाग दिसला की माणूस धड जवळ जात नाही आणि नजरही काढत नाही, तशी. मधूनच उठायचे, लांबून झाकणावर हात ठेवायचे. गरम आहे का? गरम वाटायचं. मग वाटायचं, माझाच हात गरम आहे. पापड सगळे त्या बाईनं एकटीनं उचलले. जाताना म्हणाली, घरधन्याला सांग गो. मी म्हटलं, सांगते.

हे संध्याकाळच्या गाडीनं आले. चार डबे माठाखाली आणि एक शेवग्याखाली, हे बघून विचारलं, तो बाहेर कशाला? मी म्हटलं, घरात मुंग्या झाल्यात. यांनी डबा उचलला, कानाजवळ नेऊन किंचित हलवला, माझ्याकडे पाहिलं आणि आत नेला. आणि मी? बेचाळीस वर्षांची, दोन मुलं कॉलेजात धाडलेली बाई, सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, "भाजीत मीठ बेताचं घालू का?"

रविवारी सकाळी मी यांना म्हटलं, मी पण येते. हे चकित झाले, कारण मूकपट बघायला मी जाईन हे कुणीच मानलं नसतं. मला सिनेमा म्हणजे शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडावं असा लागायचा. पण घरी बसून रोह्याचं टॉकीज जळाल्याची बातमी ऐकण्यापेक्षा तिथं असलेलं बरं, असा माझा विचार. असले तर काय करणार होते, याचा विचार नव्हता.

गाडीत यांनी चार डबे स्वतःकडे घेतले. तिसरा मीच मागून मांडीवर घेतला. नागोठणं जाईपर्यंत मी चार वेळा तो तापलाय का ते चाचपलं. समोर एक म्हातारी बसली होती, निडीला उतरायची. तिनं विचारलं, डब्यात काय, चकल्या? मी व्हय म्हटलं. ती म्हणाली, मग अशी कवटाळून काय बसल्येस, मोडतील ना. हे खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा खांदा हलल्यासारखा वाटला. पण मी घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं हसू ओळखता येत नाही.

टॉकीजमध्ये चाळीसेक माणसं जमली होती. हे डबे घेऊन केबिनमध्ये गेले. मी शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसले. तिथंच बायकांची रांग होती, शिक्षिका आणि त्यांच्या बहिणी-जावा. बसण्याआधी मी हॉलभर फिरून सगळ्या दारांच्या कड्या काढून ठेवल्या. फटींतून उजेड आला तेव्हा लोक कुरकुरले. मी म्हटलं, उकडतंय.

प्राध्यापक पुढे उभे राहून बोलले. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली, आणि खरी असेल-नसेल असंही वर सांगितलं. पहिल्यांदा पडद्यावर आगगाडीचं इंजिन समोरून येताना दिसलं तेव्हा लोक म्हणे घाबरून पळाले होते. सिनेमाच्या इतिहासातला पहिला परिणाम तो. आधी भीती, मग बाकीचं सगळं. मग ते हसून म्हणाले, आता शंभर वर्षांनी आपण शहाणे झालोत, सिनेमा बघताना आज कुणी उठून पळणार नाही. मी कडी काढलेल्या दाराकडे पाहिलं.

सिनेमा सुरू झाला. कुठल्या तरी थंड देशातली खाडी. एक नावाडी जातो, परत येत नाही. त्याची बायको धक्क्यावर रोज येऊन उभी राहते. पडद्यावर परकी अक्षरं आली की प्राध्यापक ती मराठीत मोठ्यानं सांगायचे. बाकी सगळं शांत, नुसती केबिनमधली मशीनची घरघर. मला यांनी पूर्वी सांगितलेलं एक गुपित माहीत होतं. रीळ संपायला आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर येऊन जातो. तो बघून ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करतो. बाकीचे चाळीस जण धक्का बघत होते, बाईला बघत होते. मी कोपरा बघत होते. पहिला ठिपका आला, दुसरं रीळ लागलं. वीसेक मिनिटांनी पुन्हा ठिपका आला. मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. तिसरं.

त्या रिळातच तो चेहरा होता, ज्याच्यासाठी यांनी हा सिनेमा यादीत आणला होता. कॅमेरा धक्क्यावरून निघाला आणि त्या बाईच्या तोंडाशी जाऊन थांबला. भिंतीएवढा चेहरा. आणि तो चेहरा धूसर झाला, मग स्पष्ट झाला, पुन्हा धूसर. श्वास घेतल्यासारखा. ती मुडपलेली पट्टी मशीनमधून जाताना पुढेमागे होत होती, हे मला लगेच कळलं. गच्चीवरची पन्हळ पडद्यावर आली होती. काळे ठिपके उडत होते; लोकांना ती तिकडची पाखरं वाटली असतील, मला ते उजेडाआड आलेलं पीठ आहे हे माहीत होतं. आणि खरं सांगते, त्या भीतीत मी त्या बाईकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तीही घाबरलेली होती. तिचा माणूस यायचा होता, आणि माझा वर केबिनमध्ये होता.

मग खडखड आवाज झाला आणि चेहरा थांबला. जागच्या जागी. गालावर एक तपकिरी डाग उमटला, फुगला, मध्ये भोक पडलं आणि त्यातून पांढराशुभ्र उजेड पसरत गेला.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं होतं, लोकांनी वेड्यात काढलं असतं आणि बसून राहिले असते. मी फक्त पिशवी उचलली, शेजारणीच्या गुडघ्याला हात लावला आणि दारातून बाहेर पडले. पण आपल्याकडे एक बाई पिशवी घेऊन उठली की बायकांची रांग बसून राहत नाही. काय झालं, कुणी विचारलं नाही. त्या पाठोपाठ निघाल्या. बायका निघाल्या म्हणून त्यांचे नवरे उठले. दोन मिनिटांत निम्मं टॉकीज रोह्याच्या रस्त्यावर, चपला शोधत. एका शिक्षिकेनं मला विचारलं, कशासाठी आलो आपण बाहेर? मी वर बघत होते, छपराकडे. धूर येतोय का ते.

धूर आला नाही. हे आले. केबिनचा बाहेरचा लोखंडी जिना उतरून सावकाश आले, हातात रुमाल. सगळ्यांना म्हणाले, आग नाही, पट्टी अडकली होती, जोडलीय, आत चला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ही पेटणाऱ्यातली नाही. ती फार जुनी. ही नुसती वितळते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पेटायचं मी कुणापाशी बोललेच नव्हते.

उरलेला सिनेमा पार पडला. नावाडी परत आला की नाही, मला सांगता येणार नाही. शेवटी चर्चा झाली. इंजिनियरनं विचारलं, तो चेहरा श्वास घेतल्यासारखा हलतो ते त्या काळी कसं जमवलं असेल? प्राध्यापक काहीतरी सांगायला लागले, मग थांबले आणि म्हणाले, ऑपरेटरसाहेबांना विचारू. हे म्हणाले, मला माहीत नाही.

घरी आल्यावर कपडे भिजवायला घेतले तर यांच्या खिशातून तो रुमाल निघाला. पांढऱ्या रुमालावर पिवळट पिठाचे पट्टे, आणि त्यात मिरीचे काळे कण. नाकाशी नेला तर हिंगाचा वास. म्हणजे शो सुरू व्हायच्या आधी, केबिनमध्ये उभं राहून, यांनी ती सगळी पट्टी हातावरून सोडवत पुसून काढली होती. आणि तिसरं रीळ चालू असेस्तोवर एक हात भिंगावर ठेवून चेहरा परत परत स्पष्ट करत राहिले होते. मी मोरीत बसले होते, नळ चालू होता, तो बंद करायचं सुचलं नाही. आगीची भीती होती तेव्हा निदान पळायला दार होतं.

मंगळवारी पुण्याहून जीप येणार होती. सोमवारी यांनी एक कागद लिहिला आणि टेबलावर ठेवला. मी भांडी आवरता आवरता वाचला. तिसऱ्या रिळातील नऊ चौकटी जळाल्या, पट्टी वाकली, मशीनवर चढवताना माझ्याकडून हयगय झाली, खाली सही. वीस वर्षांत ज्या माणसाच्या हातून एक तुकडा वाया गेला नव्हता, त्यानं हयगय हा शब्द आपल्या हातानं लिहिला होता. म्हणजे पुढचे नऊ सिनेमे गेले. कुणी पुन्हा यांच्या हातात रीळ देणार नव्हतं. आणि हे पुन्हा ओट्यावर बसायला लागले होते. रविवार संध्याकाळपासून चहा मागितला नव्हता.

मंगळवारी दहाला जीप आली. पुण्याचे गृहस्थ साठीचे, बारीक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. यांनी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मी आत पापड तळत होते. पाहुणा आला की आमच्या घरात दुसरं काही सुचत नाही. बशी घेऊन बाहेर आले ती टेबलाशी न जाता दारातच उभी राहिले. हे खाली बघत होते. त्या गृहस्थांनी पेन उघडलं.

"तो कागद खोटा हाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून हाय निघालं. एरवी पुण्याच्या माणसासमोर मी आहे म्हणते. "यांनी काही केलं नाय. वास आला म्हणून मी ती वाळत घातली. गच्चीवर, पापडांत. ऊन दाखवलं तिला. मग बसेना म्हणून वर पाटा ठेवला, आणि पाट्यावर मी बसले."

हे म्हणाले, "अगो, राहू दे." पण आता काय राहायचं होतं?

त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाले, बशी आणा. त्यांनी एक पापड उचलला, वास घेतला, चावला. मग तिसरा डबा ओढून उघडला आणि नाक आत घातलं. तसेच राहिले. मग दुसरा डबा उघडला, वास घेतला, चेहरा वाकडा केला. पुन्हा तिसरा. मला वाटलं, आता हे उठतील, जीपमध्ये बसतील आणि संपलं सगळं. त्यांनी दुसरा डबा माझ्यापुढे धरला. त्यातून तोच झोंबणारा आंबूस वास आला. मग तिसरा धरला. त्यातून हिंग-मिरीचा आला, आणि आंबूसपणा शोधावा लागला.

त्यांनी आम्हाला समजावलं की हा वास पेणचा नाही. ही फिल्म म्हातारी झाली की आतून आंबते, आणि डबा बंद असला की आपल्याच वासानं जास्त कुजते. त्यांच्याकडे अशी पुष्कळ रिळं आहेत आणि झाकणं उघडून बसायला माणसं नाहीत. पट्टी वाकली ती वाकलीच, नऊ चौकटी गेल्या त्या गेल्याच, असंही म्हणाले. ते काही त्यांनी गोड करून सांगितलं नाही. मग यांचा कागद चार घड्या करून यांच्याच खिशात ठेवला, उरलेला पापड तोंडात टाकला, आणि उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाले:

"बाई, याला वारा हवाच होता. पुढच्या महिन्यातला येईल, तो मात्र सावलीत वाळवा."